अडीच सेंटीमीटर

तुर्भ्याला, पाइपलाइनच्या अलीकडे माझा गाळा.
बाहेर पाटी: अग्निशामक सिलिंडर भरून मिळतील.
आत वेल्डिंगचे रेग्युलेटर, दवाखान्यांचे फ्लोमीटर,
आणि महिन्यातून एखाद्या वेळी
ओल्या गोणपाटात गुंडाळलेला
हिराजी तांडेलचा श्वास.

दिवाळ्याचा हिराजी. खाडीत बुडी मारून
बार्जच्या पंख्यात अडकलेले दोर कापतो,
जेट्टीचे खांब चाचपतो, हरवलेले नांगर शोधतो.
शोधतो म्हणजे हातांनी.
खाली नाकासमोर धरलेली डायलही दिसत नाही.

"दम लागतं," म्हणाला. "पयल्यासारखा नाय."

मी तोंडाकडची डबी उघडली.
आत विशेष काही नसतं.
बशीएवढा रबरी पडदा,
त्याला टेकलेली काडीएवढी तरफ,
टोकाशी झडप, झडपेमागे स्प्रिंग.
तुम्ही ओढता, पडदा आत खचतो,
तरफ लवते, हवा येते.
तुम्ही थांबता, ती थांबते.
पाणी छातीवर जेवढं बसलेलं
तेवढ्याच जोराची हवा ती हातावर ठेवते;
दहा मीटरवर दुप्पट, आणि दाट,
ताक पिता पिता पेल्यात लस्सी लागावी तशी.

किती ओढावं लागतं ते मोजायला
माझ्याकडे काचेची वाकडी नळी आहे, निम्मी पाण्याने भरलेली.
पाणी अडीच सेंटीमीटर चढलं की झडप उघडावी.
बस्स, अडीच.
बशीतला चहा ओढायला लागतो तेवढा जोर.

नवखा होतो तेव्हा एकदा
स्प्रिंग इतकी ढिली केली की मागायलाच नको.
बादलीत बुडवताच डबी आपणहून ओकू लागली,
टाकी बघता बघता फुकट,
आणि मी झाकण शोधतोय, जणू दूधच उतू चाललंय.
परेरा मास्तरांनी कॉक बंद केला, हात पुसले, म्हणाले,
थोडं मागायला लाव रे.
न मागता देणाऱ्याचं घर बसतं.

हिराजीची स्प्रिंग ठीक होती. पाणी अडीचलाच चढलं.
मग उलटं फुंकून पाहिलं.

तिथे होतं.
उच्छ्वासाची झडप, रबराचं भुईछत्र,
कडेला खाडीचा गाळ वाळून बसलेला,
रबर पापडासारखं कडक.
घेताना काही नाही, सोडताना पाणी सहावर!
वीस वर्षं हेच बघतोय:
गिऱ्हाईक येतं ते घेण्याची तक्रार घेऊन.
सोडणं कुणी तपासत नाही.

नवी झडप बसवली. म्हटलं,
टाकीवरचं हे पिस्टनही जुनं झालं, हिराजी.
टाकी सरत आली की हे जड होत जातं.
बॅलन्स्ड घे. दोनशे बार असोत की तीस,
श्वास एकसारखा.
अर्धे पैसे गणपतीनंतर दे.

त्याने पितळी पिस्टन उचललं, अंगठ्याने पुसलं,
दारातल्या उजेडात धरलं.
"एकसारखा नको," म्हणाला.
"खाली सगला काला गाल. डायल दिसत नाय.
श्वास जड व्हाला लागला का माना कलतं,
आता वर चल."

माझ्याकडे यावर कॅटलॉग नव्हता.
मी पिस्टनची रिंग बदलली, सिलिकॉनचं बोट फिरवलं,
जड व्हायचं तेवढं जड राहू दिलं.
बाहेरच्या निळ्या पिंपात त्याने तोंड बुडवलं,
पाठीचा एक मणका हलला, मग दुसरा,
आणि बुडबुडे आले, मोठे, न अडखळता,
पिंपाच्या कडेवरचा कावळा उडाला.

गुरुवारी परत आला, पिशवीत निवट्या घेऊन.
मजुरीत धर, म्हणाला.
मी विचारलं, सोडताना?
"मोकला."
आणि शेवटी शेवटी?
"जड," तो म्हणाला,
एखाद्याने घरची खुशाली सांगावी तसा.